चुन्याचे पंचेचाळीस हात

लिथारी बेट,
ता. १२ जानेवारी १९८९

चि. झान्नीस यास मोस्खाताईचे अ. उ. आ.

तुझं नाताळचं कार्ड काल पोचलं. नाताळ होऊन अठरा दिवस झाले, पण कार्डाला काय बोलायचं? त्याला निदान यायची बुद्धी झाली. तू अठ्ठावीस वर्षांत एकदाही आला नाहीस. यंदा ईस्टरला नक्की येतो आणि आता इथेच राहतो असं लिहिलंयस. खाली दोराची सही आहे म्हणून विश्वास ठेवते. तुझ्या शब्दापेक्षा तुझ्या बायकोची सही भरवशाची.

तुमची न्हाणीघराची पेटी बोटीने आली. अरे, गुलाबी टब? तू माशाचं दुकान चालवत होतास की राजवाडा? चार जणांनी उचलून अंगणात ठेवलाय. माझ्या संग्रहालयात वर्षभरात येत नाहीत तेवढी माणसं दोन दिवसांत टब बघून गेली. शेतात घर बांधून त्यात तो बसवायचा तुझा विचार आहे, तर खुशाल बसव. आपल्या बेटाची रीतच आहे, घर मुलीचं आणि शेत मुलाचं. आईचं घर मला आलं, बाबांचं शेत तुला.

आता खरी गोष्ट. मोठ्या बेटावरून पुरातत्त्व खात्याच्या अरियाग्नीबाई आल्या होत्या. पोरगी तिशीची, हुशार आणि कामाची आहे. पण तोंडावर सांगून गेली की ईस्टरच्या आदल्या सोमवारी होडी पाठवून माझ्या दोघींना घेऊन जाणार. दोघी म्हणजे आपला तो अर्धा दगड. लहानपणी शाळेमागे पडलेला असायचा, त्यावर चढून तू पतंग काढायचास. एक बाई खुर्चीवर बसलेली, दुसरी तिच्यासमोर उभी, दोघींनी हातात हात दिलेला, आणि हातांच्या वर दगड तुटलेला. बसलेली अनवाणी, उभी आहे तिच्या पायात वहाणा. बावीस वर्षं मी येईल त्याला सांगत आलेय की वहाणावाली निघाली आहे आणि अनवाणी मागे राहणार आहे. खात्याचं मत वेगळं आहे, ते म्हणतात हा कबरीवरचा दगड आणि बसलेली ती मेलेली. म्हणू देत. बंदरावर कोण कुणाला सोडायला जातं हे मला कुणी शिकवू नये.

दोन खोल्यांत दुसरं आहे काय? तेलाचे दिवे, मागाची वजनं, फुटके रांजण. दगड गेला की दाराला कुलूप लागलंच समज, आणि मला मोठ्या बेटावर कुठल्यातरी दाराशी स्टूल देतील. मी बाईंना विचारलं की वरचा अर्धा दगड इथेच सापडला तर? ती हसली आणि म्हणाली की मग तो हलवायची कुणाची छाती आहे, उलट तुम्हाला तिसरी खोली बांधून देऊ. मी हे वाक्य तिच्याच हाताने नोंदवहीत लिहून घेतलं, खाली सही घेतली. माझी नोंदवही तुला माहीत नाही. नाव, तारीख, कुठून आलात. खाडाखोड चालत नाही. मागे एका मंत्र्याच्या बायकोला मी नव्या पानावर पुन्हा लिहायला लावलं होतं.

तेव्हा दगड जाणार नाही, लिहून ठेव. वरचा अर्धा याच बेटावर कुणाच्या तरी उंबऱ्यात नाहीतर गोठ्यात आहे. मी घरोघर जाऊन शोधणार. खालचा अर्धा रूसोसच्या शेतात निघाला होता आणि आपलं शेत त्याला लागून. बाबा तुला कधी काही बोलले होते का?

आणखी एक. अंगणातल्या पावाच्या भट्टीची डावी बाजू, ते कुबड, तडकलंय. तू येणार म्हणून फ्रांगूलिस गवंड्याकडून ती पाडून नवी बांधून घेते. ईस्टरचं कोकरू शेजाऱ्याच्या भट्टीत भाजायची वेळ आपल्या घरावर अजून आलेली नाही.

दोराला आणि कालिओपीला आशीर्वाद. कॉलेजात तिला पॉपी म्हणतात असं कळलं. आईचं नाव ठेवलंय, ते पुरतं घ्यायला लोकांची जीभ झडते का? मायेत काटकसर करू नकोस, कागदात कर हवी तर.

तुझी,
ताई


मेलबर्न,
ता. ३० जानेवारी १९८९

ती. ताईस झान्नीसचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, शिव्या पोचल्या, बरं वाटलं. इथे उन्हाने डांबर वितळतंय आणि तू स्वेटर घालून दिव्यांवरची धूळ पुसत असशील. दुकान विकलं. नवा मालक चांगला आहे, पण तळणीचं तेल रोज बदलेल असं वाटत नाही. शेवटच्या दिवशी जुनी गिऱ्हाइकं आली, त्यांनी मला टोपी भेट दिली. दोरा म्हणते की तेवीस वर्षं मासे तळून टोपी मिळाली, अजून थांबला असतास तर छत्री मिळाली असती.

टबाला हसू नकोस. तो दोराच्या अटींपैकी पहिली अट आहे.

ताई, भट्टीला हात लावू नकोस. मी येऊन बघतो. तडकली तर तडकली, भट्टी काय पळून जाते? फ्रांगूलिसला अंगणात पाऊल टाकू देऊ नकोस, त्याला सरळ भिंत कधी जमली नाही. भट्टीचं काम मी माझ्या हाताने करणार, हे पक्कं.

बाबांचं विचारतेस, तर बाबा बोलणारे गृहस्थ होते का? घरोघर फिरू नकोस, लोक नावं ठेवतील. दगड गेला तर गेला, तूही आता पंचावन्नची झालीस. नोकरी सोड आणि शेतातल्या नव्या घरात आमच्याकडे राहायला ये. पुन्हा सांगतो, भट्टी तशीच राहू दे.

तुझा राग परवडतो, अबोला नाही, एवढं लक्षात असू दे.

तुझा,
झान्नीस


लिथारी,
ता. १६ फेब्रुवारी १९८९

चि. झान्नीस यास, आशीर्वाद नेहमीचेच, पण या खेपेला डोळे वटारून.

एकतीस घरं पालथी घातली. पायऱ्या पाहिल्या, गोठे पाहिले, चर्चच्या मागच्या भिंतीवर टॉर्च मारून पाहिला. पाद्रीबाबांनी विचारलं की काय हरवलं, मी म्हटलं दोन डोकी. ते म्हणाले या गावात फक्त दोनच हरवली असतील तर देवाची कृपा. हाती मात्र काही लागलं नाही. होडी २४ एप्रिलला यायची आहे.

मग घरी येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं. दोन पानांत भट्टी चार वेळा आली आहे. आईच्या वर्षाच्या प्रार्थनेबद्दल तू मला कधी एक ओळ विचारली नाहीस, आणि भट्टीचा एवढा पुळका? तुला खोटं बोलता येत नाही रे. लहानपणी बिस्किटं चोरलीस की आधी तूच घरभर सांगत सुटायचास की मी नाही खाल्ली.

मी अंगणात जाऊन त्या कुबडापुढे उभी राहिले. दहा वर्षांची असल्यापासून दर ईस्टरला त्याला चुना देतेय. सगळ्या गल्लीच्या बायका पायऱ्यांना, झाडांच्या बुंध्यांना देतात तसा मीही देते, आणि कुणी कधी विचारत नाही की चुन्याखाली काय. यंदा पंचेचाळिसावा हात. मला आठवलं की त्या दिवशी बाबा कामावर जायचे नाहीत. स्टुलावर बसून बघायचे आणि कुबडाला दुप्पट लाव म्हणायचे. आई पहिला पाव भट्टीतून काढायची तो क्षणभर तिथे टेकवायची. मला वाटायचं निवायला ठेवते.

मी अजून नखभरसुद्धा खरवडलेलं नाही. आधी तुला विचारतेय. झान्नीस, आपल्या भट्टीत काय आहे?

फोन करू नकोस, कॅफेतल्या फोनवर सगळं गाव कान लावून बसतं. पत्रच लिही, आणि ताईला शोभेल असं खरं लिही.

मोस्खा


मेलबर्न,
ता. ६ मार्च १९८९

ती. ताईस सा. न. वि. वि. पत्र शेवटपर्यंत वाच, मध्येच फाडू नकोस.

तेच आहे. तू शोधतेस तेच.

बाबांनी मला बोटीच्या दिवशी सकाळी भट्टीपाशी नेलं आणि सांगितलं. रूसोसच्या शेतात खालचा अर्धा निघाला, आणि खात्याने शेताला कुंपण घातलं. बिचाऱ्याने मरेपर्यंत कुंपणाबाहेर उभं राहून स्वतःचे अंजीर पाहिले. पुढच्याच वर्षी बाबांना आपल्या शेतात बांध घालताना वरचा अर्धा मिळाला. ते घाबरले. गाढवावर वाळक्या गवताखाली घालून घरी आणला आणि भट्टीत बांधून टाकला. चेहरे आगीकडे करायला मात्र त्यांचं मन धजलं नाही, म्हणून बाहेर ठेवले आणि वर मातीचा गिलावा दिला. मला म्हणाले की शेत तुझं आहे, दगड बोलला की शेत गेलं. मोस्खाला सांगू नकोस, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

मी अठ्ठावीस वर्षं सांगितलं नाही. दोरालाही नाही.

ताई, दुकानाच्या मागच्या खोलीत बटाट्याच्या पोत्यांवर बसून मी शेतातल्या घराचा नकाशा काढत आलो. खिडकी कुठे, तेही ठरलंय. इथे मी कायम परका ग्रीक आणि तिथे येईन तेव्हा ऑस्ट्रेलियावाला म्हणाल. आईला पोचवायला आलो नाही, बाबांनाही नाही. त्या शेताखेरीज बेटावर माझं आहे काय? पाहुण्यासारखा येऊ आणि पाहुण्यासारखा जाऊ?

तुझ्या दोघींचंही मला कळतं. तू सांगितलंस तर मी तुला बोल लावणार नाही. पण मग मी राहायचं कुठे, तेही तूच सांग.

तुझा,
झान्नीस


लिथारी,
ता. २४ मार्च १९८९

चि. झान्नीस यास अ. आ.

पत्र वाचून मी तीन दिवस कुणाशी बोलले नाही. गावाला वाटलं मला घशाचं झालंय.

मला फार लागलं. दगडाचं नाही, बाबांचं. शेवटची अकरा वर्षं मी त्यांना न्हाऊ घातलं, भरवलं, रात्री कूस बदलून दिली. आणि विश्वास कुणावर, तर बोटीत बसून गेलेल्यावर! माझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणे. बाबा अंथरुणात चोरून सिगारेट ओढायचे, हे मी डॉक्टरला कधी कळू दिलं का? चांगली रडले. मग उठून तोंड धुतलं आणि हसायला आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! एकतीस घरं फिरले, आणि बाई माझ्याच अंगणात उभी. बाबांनी साऱ्या खात्याला चुना लावला, आणि तोही माझ्या हातून.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कुठे राहायचं म्हणतोस? या घरात. वरती गच्ची रिकामी आहे, तिथे दोन खोल्या होतात. बंदर शेतापेक्षा इथून जास्त दिसतं, हे तू नकाशा काढताना विसरलास. मला मूलबाळ नाही. बेटाची रीत असं सांगते की आजीचं घर आजीचं नाव लावणाऱ्या नातीला जावं. तुझ्या पॉपीचं नाव कालिओपी आहे. मी तिच्या नावाने कागद करायला सांगून आले. तुझ्या मुलीच्या घरात तू पाहुणा कसा होशील?

हे मी दगडाच्या बदल्यात देत नाही. घर तिला मिळणारच, तू हो म्हण की नाही म्हण. शेत गेलं तर तुझं जाणार, म्हणून शब्दही तुझाच हवा. तू नको म्हणालास तर यंदाही मी चुना घेईन आणि पंचेचाळिसावा हात देईन, दुप्पट. होडी दोघींना घेऊन जाईल, मी बंदरावर जाऊन हात हलवीन. मला त्याची सवय आहे.

पण खरं सांगू? बावीस वर्षं मी लोकांना पाय दाखवले. एकदा तोंड बघायचंय रे.

निघण्याआधी कळव. तुझ्यावरची माया दगडावर अवलंबून नाही, म्हणून बेधडक सांग.

ताई


तार
मेलबर्न, ४ एप्रिल १९८९

सांग. शेत जाऊ दे. टब फोडू नकोस. झान्नीस


लिथारी,
ता. ५ मे १९८९

चि. कालिओपीस आत्याचे अ. उ. आ.

तू परीक्षेसाठी मागे राहिलीस, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. तुझे आईबाबा काय लिहिणार? ते दिवसभर टब कुठे बसवायचा यावर भांडताहेत. सध्या तो अंगणात आहे आणि मी त्यात तुळशीची रोपं ठेवली आहेत. दोराला अजून सांगितलेलं नाही की तिथून ती हलायची नाहीत.

आमच्या अरियाग्नीबाईंना मी फोनवर एवढंच सांगितलं की होडी पाठवा, पण रिकामी परत न्यायच्या तयारीने. ती स्वतः दोन माणसं घेऊन आली. आधी मी तिच्याकडून लिहून घेतलं की दगड शेतातून आला, घराच्या अंगणाला कुणी कुदळ लावणार नाही. शेताला कुंपण पडेल, घर बांधता येणार नाही, हेही तिने स्पष्ट सांगितलं. मी म्हटलं मालकाला ठाऊक आहे.

मंगळवार होता. गल्लीतल्या बायका चुन्याच्या बादल्या घेऊन बाहेर पडल्या होत्या, त्या बादल्यांसकट आमच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. सगळं गाव चुना लावत होतं आणि आम्ही चुना काढत होतो. लाकडी पट्टी, पाणी आणि धीर, एवढंच सामान. पापुद्र्यावर पापुद्रा निघाला. खालचा गिलावा सुटला आणि आधी एक नाक दिसलं. फ्रांगूलिस गवंडी छातीवर क्रूस काढून मागे सरला. त्याने जानेवारीत भट्टी फोडली असती तर घण बरोबर तिथेच बसला असता. मग कपाळ, मग केस, आणि केसांना तांबडा रंग अजून होता. अरियाग्नी नाक टेकेल इतकी जवळ वाकली. म्हणाली की उघड्यावर राहिला असता तर रंग कधीच गेला असता, तुमच्या चुन्याने राखला. माझ्या चुन्याने! मी तिथेच हमसून रडले, आणि बायकाही रडल्या. आमच्याकडे एक रडली की बाकीच्या वाट बघत नाहीत.

तुझा बाप शनिवारी आला. वारं होतं, बोट तीन तास उशिरा लागली. उतरला तर डोक्यावर ती टोपी. मी ठरवलं होतं की आधी चार शब्द सुनवायचे, पण त्याचं डोकं बाबांसारखं पांढरं झालेलं पाहिलं आणि सरळ त्याच्या हातातली पिशवी घेतली. कोकरू शेजारच्या भट्टीत भाजलं, बरं झालं होतं.

सोमवारी मी त्याला संग्रहालयात नेलं. दोन्ही अर्धे लाकडाच्या आधाराने एकावर एक उभे केलेत, पक्कं काम पुढच्या महिन्यात. तो दारात थबकला. मी इतरांना सांगते तशीच सुरुवात केली. ही बसलेली, ही उभी, हातात हात. आणि वहाणावाली निघाली आहे, असं म्हणायची वेळ आली तेव्हा अडले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. कारण आता चेहरे आहेत ना! उभीची मान जरा वाकलेली आहे, माफी मागावी तशी. आणि बसलेली हनुवटी उचलून तिच्याकडे बघतेय, फार उशीर केलास म्हणणाऱ्या बाईसारखी, पण हात घट्ट धरून. निघालेल्या माणसाकडे कुणी असं बघत नाही. मी बंदरावर उभी राहिलेली आहे, मला कळतं. अरियाग्नीला विचारलं तर म्हणाली की जाणाऱ्याचा आणि येणाऱ्याचा हात दगडात सारखाच दिसतो, मोठमोठे विद्वान भांडतात. भांडू देत. मी सोमवारपासून सगळ्यांना सांगतेय की ही परत आली आहे. एका डच माणसाने विचारलं की तुम्हाला कसं ठाऊक. मी म्हटलं, पोरा, चव्वेचाळीस वर्षं मी हिला चुना लावलाय, मला नाही तर कुणाला ठाऊक असणार?

तुझ्या बापाने जवळ जाऊन दोघींना पाहिलं. मग विचारलं की बाबांनी यांचे चेहरे पाहिले असतील ना. मी म्हटलं पाहिले असतील म्हणून तर आगीकडे केले नाहीत. तो हो म्हणाला.

घराचे कागद झाले, तुझी सही राहिली आहे. परीक्षा आटपली की ये. भट्टी होती तिथली भिंत उघडी आहे, तिला मी चुना दिलेला नाही. घर तुझं, तेव्हा पहिला हात तुझा. आत्यावर जीव असेल तर तो पत्रातून न पाठवता बोटीने घेऊन ये.

तुझी,
मोस्खाआत्या

ता. क. नोंदवहीत तुझ्या बापाला नाव लिहायला लावलं. आपला म्हणून सोडत नाही मी कुणाला. कुठून आलात या रकान्यात त्याने मेलबर्न लिहिलं, पेन धरून उभा राहिला, मग ते खोडून इथलाच असं लिहिलं. माझ्या वहीत खाडाखोड चालत नाही. ते पान मी तसंच ठेवलंय.